तांब्याभर खारं पाणी

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार

परत बंद पडली! कट्टा गावाच्या पुढच्या चढावर, भर रस्त्यात. मागे चिऱ्यांचा ट्रक हॉर्न दाबून उभा, आणि मी किल्ली फिरवतेय, फिरवतेय — काही नाही. नवीकोरी गाडी! सीटवरचं प्लॅस्टिक आबांनी अजून काढू दिलेलं नाही.

दुसरा सासरा असता तर सुनेवर ओरडला असता. आबा मागे मांडीवर हात ठेवून गप्प बसले होते. एकदाच म्हणाले, "दमली आसतली गो. जरा थांब." जसा काय बैलच!

शेवटी लवूला फोन. शेजारी म्हणून नशिबाने बरा मिळालाय. रिक्षा घेऊन आला आणि आल्याआल्या सुरू — "वैनीनू, ह्या गाडीपेक्षा माझी रिक्षा बरी. बंद पडूच्या आधी निदान रडान तरी दाखयता!" हसू आलं नाही.

ओरोसला पोचलो तेव्हा आबांच्या मशीनवर दुसरा पेशंट. सिस्टर तरी काय करणार? उरलेल्या वेळात जमेल तेवढं डायलिसिस केलं. संध्याकाळी आबांचे पाय बघितले. बोट दाबलं की खड्डा तसाच राहतो.

सोमवार आणि गुरुवार ह्या माणसाला ओरोसला वेळेवर पोचवायचं. एवढ्या एका कामासाठी गाडी घेतली. एसटीची पायरी त्यांना चढवत नाही. रिक्षात बसून एवढ्या लांब जायचं म्हणजे पाठीचा भुगा. विनीत बोटीवर — नवरा आज कुठल्या बंदरात आहे तेही मला ठाऊक नसतं. म्हणून कर्ज माझ्या नावावर काढलं. हप्ता महिन्याच्या महिन्याला बरोबर कापला जातो. गाडी चुकते, हप्ता चुकत नाही!

२० नोव्हेंबर

कुडाळला वर्कशॉपमध्ये. अजय तिथे दुरुस्तीचं बघतो. आपल्याच आचरा गावचा. त्याच्यामुळेच ह्या शोरूममधून गाडी घेतली. "वैनी, सेन्सरची गजाल आसा. दोन दिवसांत देतंय." चहा मागवला. परवा गाडी मिळेल, पण 'काम समाधानकारक' ह्या कागदावर सही आजच घेतली. आता आपला माणूस, त्याला नाही कसं म्हणायचं? केली सही.

२३ नोव्हेंबर

गाडी काल आली. चालते आहे!

आज उजाडता उजाडता आबा अंगणात गाडीपाशी घुटमळत होते, हातात तांब्या. तुळशीला पाणी घालायला निघाले असतील. बॉनेटवर थोपटत होते. मला बघून लहान पोरासारखे हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

५ डिसेंबर, गुरुवार

कसालच्या अलीकडे. बंद. लवू. उशीर. अर्धवट.

आणि तेवढ्यात मोबाइल वाजला — हप्ता कापल्याचा मेसेज! फोन शेतात भिरकावणार होते. आबांनी हात धरला.

१७ डिसेंबर

विनीतचा फोन. आवाज तुटत होता. सगळं सांगितलं तर काय म्हणावं त्याने? "तू नीट चालवतंस मां?"

मी फोन ठेवून दिला. मी नीट चालवते! ह्या घरात नीट चालणारी मी एकटीच आहे!

२ जानेवारी २०२५, गुरुवार

आज गाडी धडपणे ओरोसला गेली आणि आली. लिहायला भीती वाटते, दृष्ट लागेल.

पर्यटकांना भाड्याने देतो त्या खालच्या खोल्यांत पुण्याची मंडळी उतरली आहेत. त्यातला एक जण म्हणतो, तुमची गाडी द्या, बीचवर एक चक्कर मारतो, व्हिडिओ काढायचाय. बीचवर! समुद्राच्या ओल्या वाळूत! मी त्याला असं काही सुनावलं की बायको त्याला ओढत आत घेऊन गेली. दर सुट्टीत एक तरी गाडी त्या वाळूत रुतते, मग ट्रॅक्टर बोलवा. मी माझ्या गाडीचं चाक कधी वाळूला लावलेलं नाही. विहिरीच्या पाण्याने धुते, वर ताडपत्री घालते. स्वतःच्या तोंडाला कधी एवढं जपलं नाही.

१३ जानेवारी, सोमवार

परत. ह्या खेपेला वळणावरच. समोरून एसटी आली. ड्रायव्हरने कशी वाचवली देव जाणे.

आता दुरुस्ती नको. दुसरी गाडी द्या, नाहीतर पैसे परत करा. अजयला तसं सांगितलं. तो नुसताच "बघूया, वैनी" म्हणाला. नजर खाली. नंतर फोन उचलायचाच बंद झाला.

२४ जानेवारी

शोरूमचं पत्र आलं.

'वाहनाचा समुद्राच्या खाऱ्या पाण्याशी संपर्क आल्याचे आढळून आल्याने वॉरंटी लागू होत नाही.'

खारं पाणी! किनाऱ्याला राहतो म्हणून ठोकून दिलं! लवूला वाचून दाखवलं, मग आबांना मोठ्याने वाचून दाखवलं — "ऐकलात आबानू? म्हणे गाडी दर्यात घातलीव आपण!"

आबा उठून आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. बांगड्याचं तिखलं तसंच पडून राहिलं. एवढं लागलं त्यांना ते पत्र.

२७ जानेवारी, सोमवार

"माका नको नेव."

सकाळपासून एवढंच. कपडे घालायला तयार नाहीत. "कित्याक माझ्यासाठी एवढी धडपड? म्हाताऱ्याक जावंदे आता." मी विनवलं, रडले, शेवटी ओरडले. लवूने रिक्षा दाराशी लावली आणि म्हणाला, "आबानू, तुमी गेलात तर माझा सोमवार-गुरुवारचा भाडा गेला. माझ्या पोटार पाय देव नका." तेव्हा उठले.

मी रिक्षात बसून पदराने डोळे पुसत होते. देवा, मला काय हवं होतं? फक्त चालणारी गाडी.

५ फेब्रुवारी

खात्यातले पैसे कालच काढून घेतले. कापा आता हप्ता! खराब मालाचे पैसे कोण देतं? मी नाही देणार.

११ फेब्रुवारी

मालवणला जेनिसकडे गेले. वकील आहे, शाळेत माझ्यापेक्षा दोन वर्ग पुढे होती. अजून तशीच, बोलायला लागली की समोरच्याला चेपून टाकते.

पहिली शिवी हप्त्यावरून खाल्ली. "कोणी सांगितलं तुला थांबवायला? गाडी खराब ही एक गोष्ट. कर्ज ही दुसरी. फायनान्सवाल्याने तुला पैसे दिले, गाडी नाही दिली. हप्ता थांबला की तू थकबाकीदार, गाडी न्यायला ते मोकळे! मनाई ग्राहक आयोगाकडून आणायची असते, आपल्या मनाने नाही." मी मान खाली घालून ऐकलं. काढलेले पैसे औषधांत आणि उधाऱ्यांत गेलेसुद्धा. आता मागचा-पुढचा सगळा एकदम कुठून भरू?

दुसरी शिवी त्या 'समाधानकारक' सह्यांवरून. "आपलो माणूस म्हणान सही? शाबास!"

मग तक्रार लिहायला घेतली. ग्राहक आयोगात, ओरोसलाच. शोरूमवर आणि कंपनीवर — परत परत तोच दोष, दुरुस्तीने जात नाही, गाडी बदलून द्या किंवा पैसे परत करा. जेनिसने चष्मा काढून विचारलं, "एकदाच विचारते. खारं पाणी?"

"कधीच नाही! आबांची शपथ!"

प्रतिज्ञापत्रावर तसं लिहिलं. सही करताना पेन एवढं दाबलं की कागद फाटायचा राहिला.

"पहिल्यांदा कधी बंद पडली?"

"नोव्हेंबरात."

खोटं बोलले. का बोलले? पहिल्यांदा बंद पडली ती दसऱ्यालाच. शोरूममधून बाहेर काढली, हार घातलेला, पेढ्यांचा पुडा पुढे ठेवलेला, शेजारी आबा — आणि चौके गावच्या चढावर मेली. मी घाबरून अजयला फोन केला. म्हणाला, "नवी आसा वैनी, बसतली हळूहळू." थोड्या वेळाने आपोआप सुरू झाली. तशीच देवळात नेली, गाऱ्हाणं घातलं, नारळ दिला. आबांना सांगितलं, कोणाला बोलायचं नाही. दसऱ्याच्या दिवशी, देवाच्या दारात पोचायच्या आधी गाडी बंद पडली, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? गावात बोंब झाली असती — गाडीत दोष, नाहीतर सुनेच्या पायात दोष! विनीतलासुद्धा सांगितलेलं नाही. आता इतक्या महिन्यांनी तोंडातून निघेना.

१० मार्च, सोमवार

गाडी अंगणात. ढकलून बाजूला लावली आहे. तिला चालवायची हिंमत नाही. ताडपत्रीवर जांभळीचा पाला पडतोय.

ओरोसला रिक्षाने. आबा परतताना ओकले.

२ एप्रिल

फायनान्सवाल्यांचे फोन. सकाळी एक, दुपारी एक, आवाज वेगळे, शब्द तेच. "मॅडम, गाडी उचलायला माणसं पाठवावी लागतील." उचला! ढकलत न्या! असं म्हणायचं मनात होतं. म्हणाले काय — "जरा मुदत द्या हो साहेब."

२२ एप्रिल

आज जे झालं ते लिहायला हात उचलत नाही.

आयोगाने गाडी तपासायला तंत्रनिकेतनातले एक सर नेमले होते. ते आले. शोरूमतर्फे अजय आला, माझ्याकडे न बघता उभा राहिला. सरांनी बॉनेट उघडलं, पुढची जाळी काढली. वायर जिथे जोडतात तिथे पांढरा थर. जाळीच्या आत पांढरा थर. एकावर एक, वाळलेला.

मी बोट लावलं आणि चाखलं.

खारट!

सर वहीत लिहीत होते. अजयने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं — त्यालाही धक्का बसलेला दिसला. शोरूमने ठोकून दिलंय असं त्यालाही वाटत असणार.

सगळे गेल्यावर मी अंगणात उभी राहून ओरडले. कोणी केलं? पर्यटकांनी? त्या पुण्याच्या मेल्याने? लवूच्या पोरांनी? शेजारची मंडळी कुंपणापाशी जमली. आबा पडवीत बसले होते, खांबाला टेकून.

"गो अनुजा. आरडा नको. मीच घातलंय."

मला कळेचना.

"दर्याचा पाणी. तांब्यातसून. होडी नवी केली की पाण्यात घालूच्या आधी नाळेर पाणी घालतत. माझ्या बापाशीन घातल्यान, मी घातलंय." नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक. गाडीची नाळ म्हणजे ती जाळी, आबांच्या हिशेबाने! "दसऱ्याक ती चौक्यार थांबली मां? माका वाटला, ही डोंगरातली. दर्याची वळख नाय, म्हणान बुजता. घरी इल्यार गुपचूप घातलंय. मगे दुरुस्त होवन इली की परत घालूक व्हया. होडी डागडुजी करून पाण्यात घालतत तशी."

म्हणजे जितक्या वेळा वर्कशॉपमधून आली तितक्या वेळा! पहाटे खाली किनाऱ्यावर जाऊन, सुजलेल्या पायांनी वाळू तुडवत, तांब्या भरून आणून! मी तुळशीला म्हणून बघितलेला तो तांब्या!

"तू घाबरलेली त्या दिवशी. तुझ्यासाठी घातलंय गो."

आणि मी काय बोलले? शेजाऱ्यांच्या देखत? "तुमच्यासाठी गाडी घेतली आणि तुम्हीच तिला मारलीत! आता मरा रिक्षातून जाऊन!"

हे मी बोलले. ह्या तोंडाने.

२३ एप्रिल

आबांनी चहा घेतला नाही. मीही नाही. दोघं एका घरात, दोन टोकांना.

२४ एप्रिल, गुरुवार

रिक्षात पाय धरले त्यांचे. म्हणाले, "खुळी काय गो तू?" आणि डोक्यावर हात ठेवला. सुईचा हात, पट्टी लावलेला.

पण केसचं काय? सांगितलं तर केस गेली. केस गेली तर गाडी गेली, पैसे गेले, आबांना न्यायचं कायमचं राहिलं. आणि न सांगितलं तर? थर कशाचा ते कोणाला ठाऊक? खारा वारा म्हणता येईल. इथे खिडकीच्या लोखंडालासुद्धा महिन्यात गंज चढतो. कुंपणापाशी जमलेले शेजारी काही आयोगात साक्ष द्यायला जात नाहीत.

जेनिसला सांगायचं नाही, असं ठरवलं. आबांना बजावलं — कोणी विचारलं तरी तोंड उघडायचं नाही.

"बरा," म्हणाले.

एवढंच. त्या 'बरा'ने मला दिवसभर काही सुचू दिलं नाही. आयुष्यात हा माणूस खोटं बोललेला मी ऐकलेला नाही. माशाचं वजनसुद्धा झुकतं देणारा. त्याला मी शिकवतेय!

१९ जून, गुरुवार

सगळं लिहायचं आहे, क्रमाने.

आयोगातली तारीख आजचीच आली. गुरुवार. लवूने आधी आबांना हॉस्पिटलात सोडलं, मग मला आयोगात. म्हणाला, आबांजवळ थांबतंय, तू जा. आमचा पुकारा व्हायला दुपार उलटली.

शोरूमचा वकील कुठला तरी मोठा, हातात अंगठ्या. "तक्रारदार बाई समुद्राला लागून राहतात. पर्यटकांचा धंदा. तपासणीत मीठ सापडलं. अजून काय हवं?" जेनिस उठली. माझं प्रतिज्ञापत्र वाचायला लागली — 'सदर वाहनाचा समुद्राच्या पाण्याशी कधीही' — एवढ्यात दार वाजलं.

आबा! लवू मागे, त्यांना धरून, चेहरा रडवेला — "वैनी, ऐकनतच नाय, मी काय करू!" हाताला पांढरी पट्टी, सदऱ्याची बाही वर दुमडलेली. डायलिसिस संपल्यावर झोपून राहायचं असतं, उभं राहिलं की चक्कर येते. आणि हे उभे!

"साहेबानू, पाणी मी घातलंय. दर्याचा. हिका म्हायत नाय होता. हिना काय करूक नाय."

अंगठ्यांचा वकील टाळी द्यायचाच बाकी राहिला — "ऐकलंत? संपलं की साहेब!" जेनिसने माझ्याकडे असं बघितलं की मी खाली बघितलं.

अध्यक्षांच्या शेजारी एक बाई सदस्य आहेत. त्यांनी आबांना खुर्ची द्यायला लावली आणि विचारलं, "आजोबा, पण का घातलंत?"

"थांबली म्हणान. दसऱ्याक शोरूमातसून घेवन इलो आणि चौक्याच्या चढार मेली. गळ्यातलो हारय सुकाक नाय होतो. चलत रवली असती तर माका काय येड लागला होता पाणी घालूक? चलत्या होडीक कोण औषध देता?"

बाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, हे तक्रारीत का नाही? मला सांगावं लागलं, सगळ्यांसमोर — अपशकुन वाटला म्हणून. कोणीतरी मागे हसलं. वकील म्हणाला, ही आत्ता रचलेली कथा आहे, पुरावा काय?

तेव्हा आबा वळले. मागच्या बाकावर अजय बसला होता, शोरूमची फाइल मांडीवर.

"अजय. हिना तुका चौक्यारसून फोन केल्यान. केल्यान की नाय? मी माझा सांगलंय. आता तू तुझा सांग."

अजय उभा राहिला. त्याच्या बाजूचा शोरूमचा माणूस त्याचा शर्ट धरून खाली ओढत होता, मला दिसत होतं. अजय आबांच्या पट्टीकडे बघत राहिला.

"आला होता, साहेब. दसऱ्याच्याच दिवशी. गाडी बंद पडली म्हणून. मी नोंद केली नाही. सणाच्या दिवशी तक्रारी नोंदवू नका, असं आम्हाला सांगितलेलं असतं."

अध्यक्षांनी लिहिता लिहिता म्हटलं, "म्हणजे गाडी आधी थांबली. पाणी नंतर पडलं." मग माझ्याकडे बघून — "आणि बाई, तुम्ही नवं प्रतिज्ञापत्र द्या. ह्या खेपेला सगळं लिहा." मी हात जोडले. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, तरी छातीवरचं काहीतरी उतरलं होतं.

बाहेर जेनिस कडाडली. "दसऱ्याचं माका कित्याक सांगूक नाय? अपशकुन! आयोगात येताना शकुन घरी ठेवायचे असतात, अनुजा!" मग आबांसाठी स्वतःच्या गाडीचं दार उघडून धरलं. पुढची तारीख ऑगस्टमध्ये. फायनान्सवाल्यांनी तोवर गाडी नेऊ नये म्हणून तिने अर्ज दिलाय, त्याचीही सुनावणी तेव्हाच.

आबा आज भात जेवले. मागून घेऊन.

२३ जून, सोमवार

लवूने सांगितलं — अजयला काढून टाकलं. दुसऱ्याच दिवशी. "उद्यापासून येव नको" एवढंच म्हणाले म्हणे.

त्याची पोरगी अजून बालवाडीत जाते. फोन करायला तीनदा हातात घेतला. काय बोलू? माझ्या गाडीपायी तुझी भाकरी गेली?

४ जुलै

गाडी नेली.

दोन माणसं आली, कागद दाखवला. जेनिसने हजारदा बजावलं होतं — किल्ली द्यायची नाही, सही करायची नाही, जबरदस्ती केली तर पोलिसात फोन. सगळं पाठ होतं. पण कुंपणापाशी शेजारी जमले, माणसं मोठ्याने 'थकबाकी, थकबाकी' म्हणायला लागली, आणि मला एवढी लाज वाटली की मी आत जाऊन किल्ली आणून दिली. लाजेपायी! जेनिस आता मला उभी चिरेल.

जाताना कशी लगेच सुरू झाली, निर्लज्ज! आबा पडवीतून बघत होते. सीटवरचं प्लॅस्टिक अजून तसंच होतं.

६ जुलै, रविवार

लवू तापाने फणफणलाय. डॉक्टरना लेप्टोचा संशय. त्याला कुडाळला ॲडमिट केलं.

उद्या सोमवार. तीन गाडीवाल्यांना विचारलं. एकाची गाडी लग्नाला, एक मुंबईला गेलेला, एक म्हणाला पेशंट नको, सीट खराब होते. गुरुवारी लवूला बरं नव्हतं म्हणून आबांचं अर्धवटच झालं होतं. आज दोन पायऱ्या चढून धापा टाकत बसले. पाय टरटरून सुजलेत, चप्पल शिरत नाही.

उद्या एसटीत उचलून चढवीन. पाठुंगळी घेईन. काय करू? कोणाला हाक मारू? आयोगात जिंकू तेव्हा जिंकू — ऑगस्टमध्ये, दिवाळीत, पुढच्या वर्षी. आबांना उद्या जायचं आहे!

७ जुलै, सोमवार

सकाळी बेड्यापाशी, फाटकाच्या बाहेर, हॉर्न वाजला. अजय! त्याची ती जुनी खटारा व्हॅन घेऊन. लवूने हॉस्पिटलातून फोन केला म्हणाला. "वैनी, आबांक घेवन येवा. आता माका तरी खंय काम आसा? सोमवार-गुरुवार मी नेतलंय."

तेवढ्यात आबा पडवीतून उतरले, हातात तांब्या! अजय व्हॅनच्या पुढे दोन्ही हात पसरून उभा राहिला — "आबानू, हिका नको हां! पाया पडतंय!"

"गोडा पाणी आसा, मेल्या. तुका पिवक आणलंय."